बाहेरून लावलेली कडी

मी कडी बोलतेय. दाराच्या आतली नव्हे, बाहेरची. आतल्या कडीला मान असतो, घरात माणसं असतात तेव्हा ती राखण करते. मला लावतात ते घर सोडून जाताना, त्यामुळे माझ्या वाट्याला माणसांच्या पाठीच जास्त आल्या. तरी माझी तक्रार नाही. मी बोलतेय ते कबुली द्यायला. आयुष्यात एकदाच मी खोटं बोलले, आणि त्या दिवसाची भीती अजून माझ्या अंगातून गेलेली नाही.

मुरबाडच्या सुदाम लोहारानं मला घडवलं आणि म्हशाच्या जत्रेत विकायला मांडलं. तिथं बाईजानं मला उचललं. चार कड्या वाजवून पाहिल्या आणि सगळ्यांत जड म्हणून मला घेतलं. टोकावड्याला, माळशेजच्या रस्त्यापासून जरा आत तिचं घर. सागाच्या दारावर मला ठोकलं, पुढे कोयंडा, खाली ओटा. आमच्या गावात दिवसा दार लावत नाहीत. दार बंद दिसलं तर शेजारी विचारायला येतात, कुणी आजारी आहे का म्हणून. म्हणून मी वर्षातले बहुतेक दिवस नुसती लोंबकळत असायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं ऐकत असायचे.

बाईजाचा मुलगा किशोर टेम्पो चालवतो. भेंडी, काकडी, कारली घेऊन तो उल्हासनगरच्या बाजारात जायचा. तिथं एका पापडवाल्याची मुलगी त्याच्या मनात भरली. तिचं नाव जमना. ती माणसं सिंधी, पाकिस्तानातून इकडे आलेली. बाईजानं आधी तोंड वाकडं केलं. पुढं जमना भात लावायला चिखलात उतरली, आणि कंबर धरून का होईना, संध्याकाळपर्यंत मागे हटली नाही. त्या दिवसापासून बाईजा तिला "गो जमने" म्हणू लागली. लेक झाली, तिचं नाव मनस्वी.

घरात सगळं होतं, फक्त जमनेला देश नव्हता. पासपोर्ट पाकिस्तानचा, राहणं लांब मुदतीच्या व्हिसावर. लग्नाला सात वर्षं झाल्यावर तिनं भारताच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला. त्यालाही चौथं वर्ष लागलं होतं. कधी जन्माचा दाखला मागितला, कधी त्याचं भाषांतर, कधी तेच कागद पुन्हा. किशोर शहापूरच्या वकीलबाईंकडे, नम्रताताईंकडे खेटे घालायचा आणि परत येऊन ओट्यावर बसला की एकच सांगायचा, चौकशी बाकी आहे. जमना मान हलवायची आणि आत जाऊन भाकऱ्या थापायची. त्या दिवशीच्या भाकऱ्या करपायच्या, आणि सगळे तशाच खायचे.

तिला जिल्हा सोडायचा तर परवानगी लागे. आमचा माळशेज घाट चढला की जिल्हा संपतो. बाईजाचं माहेर घाटापलीकडे, ओतूरला. लग्नानंतर एवढ्या वर्षांत जमना तिथं एकदाही गेली नव्हती. माहेरची माणसं टोमणे मारायची, सून फार मोठी लागून गेली म्हणून. बाईजा ते गिळायची.

मग तो उन्हाळा आला. टीव्हीवर सारखं सांगू लागले, पाकिस्तानी नागरिकांनी देश सोडून जावं. नम्रताताईंनी फोनवर सांगितलं की हिला हा हुकूम लागू नाही, हिचा व्हिसा वेगळा आहे, घाबरू नका. फोन ठेवला आणि सगळे जास्तच घाबरले. गावात कुणी वाईट बोललं नाही, पण जो तो विचारायला येऊ लागला. आता काय होणार? पोरीला इथं ठेवणार की नेणार? मनस्वी दाराशी उभी राहून ते ऐकायची. तिथं सिंधमध्ये जमनेचं आता कुणी उरलं नव्हतं. तिला नेलं तर ती एकटी जाणार आणि मनस्वी आईवाचून राहणार, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात बसलं. माझ्याही.

त्यातच ओतूरला बाईजाच्या भाच्याचं लग्न निघालं. जमनेची परवानगी काही आली नाही. किशोरला तर जावंच लागणार होतं, गावातून लग्नाला निघालेली माणसं त्याच्याच टेम्पोत होती. गावचे पोलीस पाटील महिपतरावसुद्धा त्याच टेम्पोत बसले. बाईजानं मात्र नवं लुगडं पेटीत परत ठेवलं. सख्ख्या भाच्याच्या लग्नाला आत्या गेली नाही. सुनेला आणि नातीला एकटं टाकून जायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

दुपारची वेळ. आळी रिकामी. रस्त्याकडून एक मोटारसायकल आत वळली. माणूस साध्या कपड्यांत होता, पण पायातले बूट पोलिसाचे होते. बाईजानं ते लांबूनच ओळखले. तिनं जमनेला आणि मनस्वीला आत ढकललं, दार ओढलं आणि मला कोयंड्यात घातलं. मग दोन पावलं बाजूला होऊन ती शेजारच्या ओट्यावर जाऊन बसली, निवडायला तांदूळसुद्धा न घेता.

तो माणूस आला. हातात कागद होता. जमना किशोर देसले इथंच राहतात का, असं त्यानं विचारलं.

"नाय," बाईजा म्हणाली. "अशी कोन बाई नाय इथं."

"मग हे घर कुणाचं?"

"मला नाय म्हाईत. मी शेजारची. बंदच असतंय ते."

तो माझ्याजवळ आला. त्यानं मला बोटानं हलवून पाहिलं. दारामागे जमना जमिनीला चिकटून बसली होती, मनस्वीच्या तोंडावर तिचा हात होता. मला पोरीचा श्वास ऐकू येत होता. वाटलं, त्यालाही येत असणार. पोर एकदा खोकली तर संपलंच. मी लोखंडाची, पण त्या क्षणी कोयंड्यातून गळून पडते की काय असं मला झालं. बाहेरून कडी लागलेली म्हणजे आत कुणी नाही, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. कागदावर काहीतरी लिहिलं, फोनमध्ये माझा फोटो काढला आणि तो गेला.

बाईजानं बराच वेळ मला काढलंच नाही. ती रस्त्याकडे बघत बसली. शेवटी आतून मनस्वी रडू लागली तेव्हा उठली.

त्या संध्याकाळी घरात सणासारखं वातावरण होतं. किशोर आल्यावर बाईजानं त्याला सगळं दोनदा सांगितलं, पोलीस कसा आला आणि तिनं त्याला कसा परतवून लावला. जमनेनं तिचे पाय धरले. मीही मनातून फुशारले, खोटं कशाला बोलू.

पावसाळा सरत आला, भात पोटरीला आलं होतं, तेव्हा किशोर शहापूरहून परतला तो ओट्याच्या पायरीवरच बसला, वर चढलाच नाही. तो पोलीस जमनेला न्यायला आला नव्हता. चार वर्षं ज्या चौकशीची वाट पाहिली, ती करायला आला होता. त्याचा अहवाल वर गेला होता, की अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, घराला बाहेरून कडी. अर्ज आता फेटाळला जायच्या बेतात होता. आणि जी बाई पत्त्यावरच राहत नाही, तिचा व्हिसा तरी कोण वाढवून देणार? डिसेंबरात त्याचीही मुदत संपत होती.

कुणी बाईजाकडे बघत नव्हतं. ते बघण्यापेक्षा वाईट होतं. जमनाच शेवटी तिच्याजवळ जाऊन बसली.

"आई, तुमी माझ्यासाठीच केलंत."

 दुसऱ्या दिवशी बाईजानं किशोरला मला उपटून टाकायला सांगितलं. तो पक्कड घेऊन आलाही. पण नम्रताताईंनी बजावलं होतं की घरात काही बदलू नका, पुन्हा चौकशी मागू या. म्हणून मी राहिले. नकोशी होऊन दारावर राहणं काय असतं, ते मला तेव्हा कळलं.

पुन्हा चौकशीसाठी अर्ज गेला. व्हिसासाठी शाळेचे, दवाखान्याचे, रेशनचे कागद जोडले. त्याला तात्पुरती मुदतवाढ मिळाली, तीही थोडक्या महिन्यांची. भात कापून झालं, झोडून झालं. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की बाईजाच्या हातातलं काम थांबायचं. पोलिसाशी खोटं बोललो, आता आपल्याला आत घालतील, हे तिच्या मनानं घेतलं होतं. तिनं पेटीतलं नवं लुगडंसुद्धा सुनेला देऊन टाकलं.

माघात तो आला. तोच माणूस, तेच बूट. बरोबर महिपतराव. जमनेचा हात आपोआप दाराकडे गेला.

"दार लावू नको," बाईजा म्हणाली.

त्यानं बाईजाकडे निरखून पाहिलं. "आजी, तुम्ही तर शेजारच्या ना?"

मी गार पडले. बाईजा ओट्याचा खांब धरून उभी राहिली.

"नाय साहेब. घर माझंच हाय. ही माझी सून. त्या दिवशी दोघी आतच होत्या, कडी मी लावलेली. तुमी तिला न्यायला आलात असं वाटलं मला. चूक माझी हाय, मला न्या. तिचा कागद अडवू नका."

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग ओट्यावर बसून त्यानं सगळं लिहून घेतलं, महिपतरावांची सही घेतली, बाईजाचा अंगठा घेतला. मनस्वीला शाळेचं नाव विचारलं. जाताना म्हणाला, रिपोर्ट वर जाईल. बाईजाला नेलं नाही. पण पुढं काय होईल, तेही सांगितलं नाही.

त्यालाही आता काही महिने झाले. उत्तर नाही. व्हिसाची तारीख पुन्हा जवळ येतेय. आता मला कुणी हात लावत नाही. सगळी मिळून कुठं जातच नाहीत, कुणीतरी एक घरी राहतंच. कोण कधी चौकशीला येईल आणि घर बंद दिसेल, ही धास्ती. कोयंड्याला गंज चढलाय, मलाही.

आणि जमना? अंगणात कुणीही आलं की ती धावत ओट्यावर येते. गॅसची टाकी आणणारा असो, पोलिओचा डोस पाजणारी ताई असो, रस्ता चुकून वळलेला कुणी असो. त्यानं तोंड उघडायच्या आत ती सांगते, "मी जमना किशोर देसले. मी इथंच राहते." लोक गोंधळतात. काहीजण हसतात.

तुम्ही कधी आमच्या दाराशी आलात आणि तिनं न विचारता असं सांगितलं, तर हसू नका. तिला एवढंच म्हणा, "हो बाई, तू इथंच राहतेस." अजून कुणी तिला तसं सांगितलेलं नाही.