अक्कांचं बिनमार्जिनचं विमान

अक्कांच्या आधी त्यांच्या कात्रीचा आवाज यायचा. पौषातल्या कोवळ्या उन्हात पतंगी कागद कापताना ती कात्री सुगीतल्या विळ्यासारखी एका लयीत सरसरायची, आणि वीजकेंद्राच्या धुरातून गाळून आलेल्या राखाडी प्रकाशात तो लाल कागद जास्वंदीसारखा उजळून निघायचा.

अक्का माझ्या थोरल्या नणंदबाई. परळीत बायकांना शिवण शिकवायच्या आणि उरल्या वेळात विमानं करायच्या. मुलांची खेळणी नव्हेत. मासिकातल्या नकाशावरून, खऱ्या विमानाच्या चोविसाव्या हिश्शाची, मापाला चोख. शिवणाच्या वहीत पाव मापाचे झंपर आखणाऱ्या हाताला ते अवघड नव्हतं. सांगाडा ज्वारीच्या धांड्यांचा, नाकावरचा पंखा हलक्या पांगाऱ्याच्या लाकडाचा, पोटात पीळ भरायला सायकलच्या ट्यूबची बारीक वादी. बाजारात तेव्हा रंगीत टीव्ही आणि परदेशी खेळणी उतरू लागली होती. अक्कांना विकतचं काही नको होतं. स्वतः कापलेलं विमान एकदा तरी स्वतःच्या बळानं उडताना पाहायचं होतं.

पहिली दोन विमानं नाक वर करून जागीच शेपटीवर बसली. तिसरंही पडलं तर हा नाद सोडते, असं अक्का म्हणाल्या, आणि त्या शब्दाला पक्क्या होत्या.

याद्या करणं ही माझी जुनी खोड. तिसऱ्याचा प्रत्येक भाग सोनाराच्या काट्यावर तोलून मी वहीत मांडला. शेपटी पुन्हा जड! धांडी तीच, खळ तीच, मग वजन आलं कुठून? वही आणि शेपटी घेऊन आम्ही पतंगवाल्या यासीनभाईंकडे गेलो. त्यांनी शेपटी उन्हासमोर धरली आणि कडेची दुहेरी, गडद सावली बोटानं दाखवली.

"अक्का, हे अर्धा इंच आत कावून दुमडलं?"

"मार्जिन हाय ते. माणूस अंगानं भरलं, की शिवण उसवून ढिलं करता येतं."

"इमान काय बाळंतपनाला माहेरी येनार हाय व्हय?"

अक्का डोळ्यांना पदर लावेपर्यंत हसल्या. त्या अर्ध्या इंचात त्यांनी गावातल्या कितीतरी बायकांची बाळंतपणं, सुखं आणि सरती वयं सामावून घेतली होती. त्या दुपारी त्यांची कात्री पहिल्यांदाच, मार्जिन न सोडता, थेट रेषेवरून चालली.

संक्रांतीच्या सकाळी शाळेच्या मैदानावर वारा अगदी निपचित होता. अक्का पंखा उलटा फिरवत पीळ भरत होत्या, मी फेरे मोजत होते. शंभरापुढचा आकडा मी विसरले. अक्कांनी हात सोडला. घरघर झाली, लाल पंख कापरे झाले, सावरले, कडुलिंबाच्या शेंड्यावरून वळले आणि राखेच्या आभाळात ठिणगीसारखे चमकत राहिले. यासीनभाई टोपी हातात घेऊन खालून धावत होते.

"सुमन, लिहून घे," अक्का म्हणाल्या.

"काय लिहू?"

"लिही, काई कमी न्हाई पडलं."

पेन माझ्याकडे नव्हतंच. त्या नोंदीची जागा वहीत अजून कोरी आहे, आणि अक्का नाहीत. परवा मी पेटीतून अक्कांनी माझ्यासाठी शिवलेला झंपर काढला, आता घट्ट होतो म्हणून बाजूची शिवण उसवली. आत अर्धा इंच कापड तसंच होतं, न विटलेल्या रंगाचं. काळाची कात्री रेषेवरूनच चालते. पण काही माणसं जाताना आपल्यासाठी थोडी जागा आत दुमडून ठेवतात.