जेवणारीचा आजार

सोजरबाई मूळच्या सांगोल्याच्या. नवरा गेल्यावर त्या सोलापुरात आल्या आणि कॉलेजच्या पोरांसाठी मेस काढली, त्याला अकरा वर्षं झाली. कोण नुसतंच ताट चिवडतंय, कोणाला घरची आठवण येतीय, हे त्यांना वाढता वाढता कळायचं. स्वतःच्या लेकीचं मात्र कळलं नाही. ते दातांच्या डॉक्टरांनी दाखवलं.

एकोणीस वर्षांच्या अपेक्षाला गार पाणी प्यायलं की दातांत कळ जायची. अवधूत डॉक्टरांनी तपासलं आणि हळूच विचारलं, "वरचेवर उलट्या होतात का? दात आतल्या बाजूनं झिजलेत."

"न्हाय ओ," सोजरबाईच बोलल्या. "चांगली जेवती की."

अपेक्षा खाली मान घालून बसून राहिली.

रिक्षात सोजरबाईंना एकेक आठवू लागलं. झाकून ठेवलेल्या भाकऱ्या दुपारी गायब व्हायच्या, शेंगाचटणीचा डबा चार दिवसांत खरवडलेला असायचा. आणि जेवण झालं रे झालं, की न्हाणीघरातला नळ मोठा सुटायचा. घरी पोचताच त्यांनी दाराला कडी लावली.

"खरं सांग. मी रागवत न्हाय."

अपेक्षाला रडू फुटलं. "थांबताच येत नाही गं. पोट दुखेस्तोवर खाते. मग भीती वाटते, नि सगळं काढून टाकते. दोन वर्षं झाली, आई."

वळसंगला असलेल्या आपल्या भावाला, हिंदुरावांना, सोजरबाईंनी फोन लावून सगळं सांगितलं. ते हसलेच. "असले आजार उपाशी राहणाऱ्या पोरींचे. आपली अपेक्षा अंगानं भरलेली हाय. देवाला नेऊ तिला."

"देवाला जाऊ की. आदी दवाखाना," म्हणून सोजरबाईंनी फोन ठेवला.

अवधूत डॉक्टरांनी सुचवलेल्या मानसोपचाराच्या डॉक्टर निवेदिता यांनी आधी रक्ततपासणी लिहून दिली. सारख्या उलट्यांनी अंगातले क्षार कमी होतात, त्याचा हृदयालाही धोका असतो, म्हणाल्या. मग सोजरबाईंनी भावाचं बोलणं सांगितलं.

"हे पुष्कळांना वाटतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण या आजाराचे प्रकार वेगवेगळे आहेत. काहीजण वजनाच्या भीतीनं खाणंच तोडतात, ते डोळ्यांना दिसतं. काहीजण भसाभस खातात आणि मग ते बाहेर काढतात, तसं अपेक्षाचं आहे. काहीजण नुसतंच खात सुटतात, उलटी करत नाहीत, पण लाजेनं लपवतात. मुलग्यांनाही होतं हे. अंगावरून काही ओळखता येत नाही."

सोजरबाई लेकीकडे वळल्या. "मीच म्हणायची, दोन घास कमी खा, उद्या लग्न जमवायचं हाय. चार पोरांदेखत म्हणायची. माजं चुकलं गं, अपेक्षा."

"एकाच गोष्टीनं होत नाही हे," डॉक्टर म्हणाल्या. "पण ते बोलणं आजपासून बंद करा. दर आठवड्याला हिला घेऊन या. आणि तिन्ही वेळा ठरल्या वेळी जेवण. जेवल्यावर तासभर कोणीतरी तिच्याजवळ बसायचं."

दुपारी एक ते दोन म्हणजे मेसवरची ऐन गर्दी. दुसऱ्या दिवशी सोजरबाईंनी पातेली बाहेर मांडली आणि पोरांना सांगितलं, "ह्या वेळेला तुमचं तुमी वाढून घ्या. मला काम हाय." दोघं-तिघं कुरकुरले, एकजण मेस सोडूनही गेला. सोजरबाई आतल्या खोलीत लेकीसमोर ताट घेऊन बसल्या. जेवण झाल्यावर दोघी शेंगा निवडत, कधी पत्ते खेळत. पहिले काही दिवस अपेक्षा चिडायची, "तुरुंगात आहे का मी?" म्हणायची. सोजरबाई हलल्या नाहीत.

एका रविवारी हिंदुराव आले. जेवताना सवयीनं म्हणाले, "पोरी, भात जरा बेतानं."

"दादा," सोजरबाईंनी वाढायला घेतलेली वरणाची पळी तशीच धरली. "माज्या घरात तिच्या ताटाबद्दल कुणी बोलायचं न्हाय. तुमी बी न्हाय."

हिंदुराव ओशाळले. मग भाचीला त्यांनी कॉलेजचं काय काय विचारलं, आणि जाताना बहिणीजवळ थांबून म्हणाले, "पुढच्या खेपेला दवाखान्यात मी बी येतो. मला बी कळू दे."

नळाचा आवाज दीड महिना आला नाही. मग परीक्षेच्या आठवड्यात एका दुपारी सोजरबाई बाजारातून आल्या तर अपेक्षा उंबऱ्यावरच बसलेली, डोळे सुजलेले.

"आई, आज झालं परत," ती म्हणाली. "तू विचारायच्या आत सांगतेय."

सोजरबाईंनी पिशव्या खाली ठेवल्या आणि तिच्याशेजारी टेकल्या. "बरं केलंस. उद्या डॉक्टरांना सांगू. तू सांगतीस का मी?"

"मी सांगते," अपेक्षा म्हणाली.