घुबडाला सोबत

आमचं घराणं कुंभकर्णाचं. मी बेकरीत पहाटेचा पाव भाजते, तरी तीन गजर लावल्याशिवाय डोळा उघडत नाही. झोपेपायी दादाची एक मोठी परीक्षा हुकली होती. ते त्याच्या मनाला इतकं लागलं, की मूल होणार म्हटल्यावर त्यानं डॉक्टरबाईंकडून गर्भाच्या जनुकांतच बदल करून घेतला. मुलीला दोन तासांची झोप पुरेल, असा. "हिच्यापुढं कोण जाणार?" म्हणत फिरायचा. हौसेला मोल नाही! "अरे, तिला काय हवंय ते कुणी विचारायचं?" असं मी म्हटलं, तर मला म्हणाला, "तू पाव भाज."

पोरगी आता सात वर्षांची आहे. हुशार आहे, ठणठणीत आहे. लाडानं आम्ही तिला घुबड म्हणतो. ती एकटी पडू नये म्हणून घरात रात्रीच्या पाळ्या लावल्यात: आधी मी, मग वहिनी, पहाटे दादा. पण पाळीवरचा माणूसच पेंगतो. मग ती त्याच्या अंगावर चादर घालते आणि सापशिडी मांडते. दोन्ही सोंगट्या तिच्याच. जिंकते तीच, हरतेही तीच. अभ्यास तर कधीच उरकलेला असतो.

आता वहिनीला पुन्हा दिवस गेलेत. जागरणानं दोघांच्या नाकी नऊ आलेत, म्हणून या खेपेला काही बदल नको असं त्यांनी ठरवलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? तसं सांगायला आम्ही सगळे दवाखान्यात गेलो.

"म्हणजे बाळ झोपणार?" घुबडानं विचारलं.

"झोपणार. आत्यासारखं घोरणार," दादा म्हणाला.

ती हसली नाही. "नको. त्याला माझ्यासारखं करा. मला रात्री कोणीतरी पाहिजे."

डॉक्टरबाईंनी दादाकडे पाहिलं. एरवी मला गप्प करणारा दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "तूच सांग तिला." असा संताप आला मला त्याचा!

मी तिला जवळ घेतलं. "बाळाला विचारता येत नाही ना गं. तूच सांग, त्याला आवडेल का तसं?"

ती चपलेचा पट्टा काढत-घालत राहिली. "दिवसा आवडेल."

"आणि रात्री?"

"रात्री मी असेन ना."

"तू मोठी होऊन दुसरीकडे राहायला गेलीस, तर?"

तिनं चपलेचा पट्टा घट्ट लावला. मग उठून डॉक्टरबाईंच्या टेबलाशी गेली.

"नको," ती म्हणाली. "त्याला झोपू दे."

दादा तिथंच रडायला लागला. आणि आम्ही मोठी माणसं तिथं असताना तिनंच त्याची समजूत घातली.