लाखोरीतले वांदर

ओमेश्वरीनं एम.एस्सी.च्या सेमिनारला कोळी माकड घेतलं, तेव्हा वर्गात हशा पिकला. गोंदियात कुणी पाहिलंय ते? पण तिनं पुस्तकं पालथी घातली होती. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात त्यांच्या सात जाती, हाताला अंगठा जवळजवळ नाहीच, शेपटी मात्र पाचव्या हातासारखी, आणि तपकिरी जात तर संपत आलेली. हे सगळं तिनं न अडखळता सांगितलं. सर म्हणाले, "छान. आता आपल्याकडच्या वांदरांचं सांग." तिच्या वहीत त्यांच्यावर एक ओळही नव्हती.

त्या दिवाळीपासून, म्हणजे २०११ पासून, ती कामठा गावातल्या आपल्या शेतात चिंचेखाली वही घेऊन बसू लागली. अठरा वांदरांचा कळप होता. तुटक्या कानाची एक लेकुरवाळी तर तिच्यापासून दहा हातांवर निवांत चिंचा सोलायची. माणसाला भ्यायचं नाही, हे तिला ओमेश्वरीनंच शिकवलं होतं.

माघात, धान निघाल्यावर बांधीत पेरलेल्या लाखोरीच्या डाळीत रानडुकरं शिरू लागली. एका सकाळी ओमेश्वरी शेतावर पोचली, तर तिचे वडील लक्ष्मीचंद बांधावरची विजेची तार घाईघाईनं गुंडाळत होते. खाली पाच वांदर मरून पडलेले. तुटक्या कानाची त्यांतच होती, आणि पिल्लू तिचं अंग सोडत नव्हतं.

"बाबूजी, हे काय केलं?"

"डुकरासाठी लावलो होतो वो माय. जानून मारलो का मी? फारेस्टवाले जेलात टाकतीन मले. कुदळ आन."

तिनं कुदळ आणून दिली.

पिल्लाला ओढणीत घेऊन ती घरी आली. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून पाहिलं, पण त्यानं तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दुपारी ते गेलं.

आठवड्यानं वनरक्षक आला. "कळप कमी दिसून राहिला. तू तं रोज बसते तिथं, तुले ठाऊक असन."

लक्ष्मीचंद दारात मान खाली घालून उभे होते.

"जंगलात गेले असतीन," ओमेश्वरी म्हणाली.

त्याला ते पटलं. रोज पाहणाऱ्या पोरीचं कोण खोटं मानणार? तो चहा पिऊन गेला.

एम.एस्सी.च्या परीक्षेचा फॉर्म तिनं भरलाच नाही. लाखोरी त्या साली जोमदार आली. बापलेक दोघंही कापणीला जात, एकाच बांधीत वाकून दिवसभर विळा चालवत, आणि पाणी हवं असलं तरी एकमेकांना मागत नसत.