लेकीच्या कोटाचं कव्हर

मी एक कोट बोलतोय. निळा, आतून जाड अस्तराचा. आता मला बाह्या नाहीत, गुंड्या नाहीत, पाठीला वायरींसाठी भोक आहे. पण मला लाज वाटते ती त्याची नव्हे.

मला शिवलं ते या घरातल्या लेकीच्या शाळकरी मापानं. ती शाळेतून आली की मला खुर्चीवर भिरकावायची आणि आई बडबडत मला खुंटीला लावायची. पुढे लेक नोकरीसाठी दूर गेली आणि मी डांबरगोळ्यांच्या वासात कपाटात पडून राहिलो.

बापलेकीचा मात्र एक नेम होता. रविवारी सकाळी दोघं आपापल्या घरून संगणकावर एकच जहाज चालवायची. सुकाणू बाबांकडे, शिडं लेकीकडे. एरवी त्यांचं फोनवरचं बोलणं ‘जेवलीस का’वर संपायचं; जहाजावर मात्र दोघं मनातलं सगळं बोलायची. संगणक जुना, खेळ अडखळायचा. म्हणून लेकीनं नवा प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदूच म्हणा, कुरिअरनं पाठवला. बाबा निवृत्त ड्रॉइंग मास्तर. हात अलीकडे थोडे थरथरायचे, तरी हट्टानं त्यांनी तो व्हिडिओ बघत स्वतः बसवला.

आईनं या घरात फ्रिजपासून मिक्सरपर्यंत काहीही उघडं ठेवलेलं नाही. नव्या वस्तूवर धूळ बसायला नको म्हणून तिनं मला उसवून संगणकाचं कव्हर शिवलं. पुढे बटणापुरती खिडकी, मागे वायरींपुरतं भोक. “चालू असतानाही काढायला नको,” ती कौतुकानं म्हणाली. हवा जायच्या जाळ्या वर आणि बाजूला होत्या. त्या मी गच्च झाकल्या आणि वर फुशारलोही.

पहिल्याच रविवारी आतला पंखा घरघरू लागला. हा नवा प्रोसेसर जुन्यापेक्षा तापट. फार तापला की जिवाच्या भीतीनं आपला वेग कमी करतो. खेळ आधीपेक्षाही अडखळू लागला.

“बाबा, खडक! डावीकडे घ्या, डावीकडे!”

“घेतोय गं, हे वळतच नाही!”

जहाज फुटलं. लेक म्हणाली, “बाबा, प्रोसेसरवर ती पेस्ट लावतात ना, उष्णता बाहेर काढायला, ती नीट बसली होती का?”

बाबा आपल्या हातांकडे बघत राहिले.

मग तोच उद्योग सुरू झाला. मला काढायचं, संगणक उघडायचा, पेस्ट पुसून पुन्हा लावायची आणि उघडाच चालवून बघायचा. तेव्हा तो शहाण्यासारखा चाले. बाबा खूश होत. “झालं का? घालते मग कव्हर,” म्हणत आई मला चढवी, आणि पुन्हा तेच रडगाणं. मला सगळं कळत होतं. पण कापडाला वाचा थोडीच असते! आत तो जीव तळमळत होता आणि मी त्याला मिठी मारून बसलो होतो.

बाबांनी हाय खाल्ली. कुंचल्याला हात लावेनात. चहाचा कप अर्धाच भरून मागू लागले. एका रविवारी लेकीला म्हणाले, “तू आता तुझ्या मैत्रिणींबरोबर खेळत जा. इतक्या हौसेनं पाठवलेली वस्तू मी बिघडवली. माझ्या हातांत काही राहिलं नाही बघ.”

“बाबा, असं काय बोलताय?” लेक म्हणाली.

आई दाराशी उभी होती. बाबा उठून बाहेर गेले तेव्हा ती संगणक बंद करायला आली. सवयीनं माझ्यावरून हात फिरवला आणि तो तिथंच थबकला. मी चांगलाच तापलो होतो. लहानपणी लेक एकदा तापानं फणफणून घरी आली, तेव्हा याच हातांनी मला तिच्या अंगावरून ओढून काढलं होतं. “आधी हा कोट काढा पोरीच्या अंगावरचा!” म्हणून केवढी ओरडली होती. तेच आठवलं असावं, कारण आताही तिनं मला तसंच ओढून काढलं आणि खाली बसली.

बाबा आले तेव्हा ती मला मांडीवर घेऊन बसलेली.

“अहो, तुमचे हात चांगले आहेत. माझंच चुकलं. मी त्याला कोट घातला.” आणि ती रडायलाच लागली.

“अगं, आणि मी चार चार वेळा पेस्ट फासत बसलो!” बाबा हसायला गेले, पण त्यांना ते नीट जमलं नाही.

पुढच्या रविवारी जहाज बंदराला लागलं. लेकीनं तिकडून एवढा आरडाओरडा केला की आई लाटणं हातात घेऊनच धावत आली.

तिला माझे तुकडे करून पायपुसणी करायची होती. बाबांनी मला मागून घेतलं. माझी एवढीच विनंती आहे. काही बिघडलं तर लगेच आपल्या हातांना दोष देऊ नका. आधी बघा, कुणी प्रेमानं त्याच्यावर मला तर घातलं नाही ना.

त्या दिवसांत बाबांनी एकही चित्र काढलं नाही. ते कोरे कागद अजून टेबलावर दिसतात, आणि मला मान वर करवत नाही. रविवारी सकाळी गारठा असतो. खेळ संपला की बाबा मला गुडघ्यांवर ओढतात आणि ते थरथरते हात माझ्याखाली घेतात. मी ती ऊब जाऊ देत नाही. मला येतं ते एवढंच.