राजघाटचे बिघडलेले कावळे

बुऱ्हाणपुरात कोणाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, की घरच्यांची पाचावर धारण बसायची आणि मग कोणीतरी हमखास म्हणायचं, "जैनाबादला फोन लावा. लोटूआप्पाले बोलवा." लोटूआप्पा म्हणजे तापीपलीकडच्या जैनाबादचा केळीवाला शेतकरी. वय चौऱ्याहत्तर, डोक्यावर टोपी, अंगात दोन मोठ्या खिशांची बंडी. मोपेडवर पूल ओलांडून तो राजघाटावर यायचा, पिंडासमोर डोळे मिटून उभा राहायचा आणि गेलेल्या माणसाची कोणती इच्छा राहिली ते सांगायचा. घरचे ती पुरी करायचं कबूल करायचे. आप्पा वाकून नमस्कार करून मागे सरकला रे सरकला, की पिंपळावरून कावळा खाली. पंधरा वर्षांत एकदाही हुकलं नव्हतं. सिंधीपुऱ्यातल्या काही म्हाताऱ्यांनी तर त्याला जिवंतपणीच चहाला बोलवायला सुरुवात केली होती. पुढे ओळखीचा माणूस असलेला बरा.

आता खरं सांगायचं तर यात दैवी काही नव्हतं. बंडीच्या उजव्या खिशात शेव असायची. नमस्काराला वाकताना चिमूटभर शेव पिंडावर पडायची, बस्स. पण ती कधी टाकायची हे आप्पा ठरवायचा, आणि सगळी गंमत तिथे होती. सिंधीपुऱ्यातला देवराम गेला तेव्हा त्याच्या मुलाने, निरंजनने, आधी देवळाला घंटा कबूल केली, मग गावजेवण कबूल केलं. आप्पा ढिम्म. डोळे न उघडता म्हणाला, "घंटा नाही मांगत तो. घरात कोणी रडू राहिलं, ते दिसतं त्याले." निरंजनला घाम फुटला. शेवटी चार माणसांदेखत त्याने कबूल केलं, की नवऱ्याने टाकलेल्या बहिणीला वरची खोली कायमची देईन आणि तिला कोणी बोल लावणार नाही. तेव्हा कुठे आप्पा वाकला. अशा किती बहिणी, सुना आणि म्हाताऱ्या आया त्याने शेवेच्या जोरावर मार्गी लावल्या होत्या. एकदा तर मयताच्या मुलाने वर्षभर दाबून ठेवलेला आप्पाचा स्वतःचा फवारणीचा पंपही त्याने असाच सोडवून आणला. तेवढं माणसाने करावंच.

कावळा म्हणजे भुकेला पक्षी, याहून जास्त काही आप्पा मानत नव्हता. पण कावळ्याची वाट बघताना माणूस खरं बोलतो, यावर मात्र त्याची देवावर असावी तितकी श्रद्धा होती.

यंदा दिवाळीनंतर त्याला पायऱ्या चढताना दम लागायला लागला. डॉक्टरने रिपोर्ट बघून सांगितलं, की हृदयाची झडप झिजली आहे, या वयात चिरफाड झेपणार नाही, वर्ष-दोन वर्षं सांभाळून काढा. मुलगा नीलेश गाडीत बसून रडला. आप्पाच त्याची समजूत घालत घरी आला. ज्याने जन्मभर घड उतरला की केळीचा खांब कापला, त्याला यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. शेत मुलाच्या नावावर होतं, नात भूमिका इंदूरला शिकत होती, कोणाशी भांडण नव्हतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो ऐटीत सांगायचा, "आपली काही इच्छा राह्यली नाही. एकदम मोकळा."

एक मात्र राहिली होती, ती तो बोलत नव्हता. आपल्या दहाव्याला कावळा पहिल्या झटक्यात शिवला पाहिजे. सगळं बुऱ्हाणपूर घाटावर जमेल, आणि लोक हात जोडायच्या आत कावळा खाली. वा रे लोटूआप्पा, म्हणतील, दुसऱ्यांच्या इच्छा ओळखल्या आणि स्वतः एकही मागे न ठेवता गेला.

मग एके दिवशी मोपेड पंक्चर झाली आणि तो एका दहाव्याला तासभर उशिरा पोचला. घाटाच्या वरच्या पायरीवरच तो थबकला. पिंड मांडलेले, घरचे कबूल करून करून थकलेले, आणि पिंपळावर वीस-पंचवीस कावळे शांत बसलेले. पिंडाकडे कोणी बघतसुद्धा नव्हतं. सगळे पुलाकडे तोंड करून बसले होते. आप्पाची टोपी दिसली तशी त्यांच्यात गडबड उडाली, दोघं-तिघं खालच्या फांदीवर आले आणि त्याच्या उजव्या खिशाकडे माना वाकड्या करून बघायला लागले.

पंधरा वर्षांत त्याने राजघाटचे कावळे पार बिघडवून ठेवले होते. नुसत्या भाताला ते आता चोच लावत नव्हते. आणि त्याच्या स्वतःच्या दहाव्याला शेव टाकणारा खिसा कुठून येणार होता? सकाळ जाईल, दुपार होईल, लोक एकमेकांकडे बघतील. शेवटी कोणीतरी म्हणेल, बघा, आप्पाचाच जीव अडकला. या विचाराने त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. मरणाचं त्याला काही वाटलं नव्हतं, पण या फजितीने तो खचला.

त्याने आडून आडून नीलेशकडे विषय काढला. नीलेश फोनवर केळीचा भाव बघत होता. "पप्पा, आजकल पाळलेला कावळा भेटतो. फोन करा, पिंजरा घेऊन येतो माणूस, पाच मिनिट में काम खतम. टेन्शन नका घेऊ." आप्पाने कपाळावर हात मारला. याला शेवेचं सांगावं, तर तेराव्याच्या आत हा ते मोबाइलच्या स्टेटसला टाकणार.

राहिली बायको. धुरपदाबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. आप्पा तिच्यासमोर उकिडवा बसला आणि पंधरा वर्षांचं पाप त्याने एका दमात ओकून टाकलं. तिने सूप खालीसुद्धा ठेवलं नाही.

"पह्यला महिनाभर वाटलं उंदीर असंन," ती म्हणाली. "मंग बंडी धुताना कळलं. तवापासून डबा कायले भरून ठेवतो मी? घरात शेव खातं कोण?"

आप्पाने टोपी काढून पुन्हा घातली. मग त्याने मुद्द्याला हात घातला. त्याच्या दहाव्याला तिने घाटावर यावं, नमस्काराला वाकावं आणि चिमूटभर टाकावी. म्हातारीला कोण अडवतंय. धुरपदाबाई म्हणाली, टाकीन की. पण तुम्ही जसे अडून बसत होतात, तशी मीही अडणार. माझीही एक इच्छा आहे, ती पुरी झाल्याशिवाय शेव नाही. आप्पाने विचारलं, कोणती? ती खडा बाजूला टाकत म्हणाली, साऱ्या गावाच्या इच्छा ओळखणारा माणूस तुम्ही, ओळखा.

आप्पाला तो हातचा मळ वाटला. एक्कावन्न वर्षांचा संसार, त्यात ओळखायचं काय? दुसऱ्या दिवशी त्याने सोन्याच्या पाटल्या आणल्या. तिने घालून बघितल्या आणि सांगितलं, छान आहेत, पण हे नाही. मग तिला ओंकारेश्वराला नेलं. तिने दर्शन घेतलं, नावेत बसली, पोटभर जेवली आणि परतीच्या वाटेवर म्हणाली, बरं झालं, पण हे नाही. रावेरला तिच्या बहिणीकडे चार दिवस ठेवलं, ते नाही. गुडघे दुखतात म्हणून घरात उंच कमोड बसवला, तेही नाही. मावा जिलेबी आणली त्या दिवशी आप्पाची खात्री होती. तिने दोन वेढे संपवले, बोटं चाटली आणि म्हणाली, "हे बी नाही. पण रोज आणत जा."

सून पूर्णिमा हे सगळं बघत होती. तिने एकदा सुचवलं, "बाबा, सीधं आईंनाच विचारा ना." आप्पाला राग आला. मेलेल्या माणसांची इच्छा तो न विचारता सांगत होता, आणि ही तर समोर भाकऱ्या थापत होती! पण दीड महिना झाला तरी गाडी पुढे सरकेना. त्याला रात्री जाग आली की तो शेजारी घोरणाऱ्या बायकोकडे बघत बसायचा. परक्यांच्या घरात कोण कोणाला छळतं हे त्याला दारातून कळायचं, आणि इथे काहीच कळत नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. सकाळी त्याने तिच्यासमोर हात टेकले.

"हरलो," तो म्हणाला. "सांग आता."

धुरपदाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं. मग तिने त्याला बारा वर्षांमागचं वहिनीचं दहावं आठवतं का विचारलं. थोरली वहिनी, सिंधूवहिनी. आप्पाला आठवत होतं. त्या दिवशीही शेव त्यानेच टाकली होती.

"बायका वरच्या पायरीवर होत्या," ती म्हणाली. "खाली भटजींनी नाव घेतलं, सिंधू, सिंधू, सिंधू. तुम्ही वाकले, कावळा आला, खाऊन गेला. लोक म्हणे, सुटली. मले वाटलं, मीच सुटली. माहेरी माझंच नाव ते."

आप्पाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लग्नात घरात आधीच एक सिंधू होती, म्हणून नव्या सुनेचं नाव बदललं. ताटातल्या तांदळावर अंगठीने 'धुरपदा' त्यानेच लिहिलं होतं, आणि अक्षर वाकडं आलं म्हणून सगळे हसले होते.

"तवा ठीक होतं. एका घरात दोन सिंधू कशा? पण वहिनी गेल्या, नाव रिकामं झालं, त्याले बारा वर्षं झाली. मले वाटलं, आता तरी कोणी म्हणंन. माय गेली, बाप गेला, भाऊ गेला. बहीण तं ताईच म्हणते. त्या नावानं बोलवणारं आता कोणीच नाही. तुम्ही एकदा हाक मारा. फाटकातून, साऱ्या गल्लीले ऐकू जाईन अशी. कावळ्यापुढं कबूल करून काय फायदा? मले कान हाये तवाच पाहिजे."

पाटल्यांपेक्षा हे स्वस्त होतं, पण आप्पाला ते जड गेलं. एक तर बायकोला नावाने हाक मारायची त्याला सवयच नव्हती. एक्कावन्न वर्षं 'अवं' वर भागलं होतं. त्यात हे नाव वहिनीचं, जिच्या पायावर तो दर दिवाळीला डोकं ठेवायचा. तो केळीच्या मळ्यात जाऊन सराव करायला लागला. पहिल्या दिवशी 'सिं'च्या पुढे जीभ हलेना. दुसऱ्या दिवशी पूर्ण निघालं, पण इतकं हळू की शेजारच्या खांबालाही ऐकू गेलं नसेल. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो आला, फाटकात उभा राहिला, टोपी नीट केली आणि ओरडला, "सिंधू!"

समोरच्या ओट्यावर त्याचा जुना शेजारी आत्माराम बसला होता. त्याने सिंधूवहिनीला खांदा दिला होता. त्याच्या हातातली विडी गळून पडली. आप्पाने पुन्हा हाक मारली तसा आत्माराम धडपडत उठला आणि घराकडे धावला. "नीलेश, गाडी काढ," तो म्हणत होता. "आप्पाले वहिनी दिसू राहिली. दवाखान्यात ने लवकर." नीलेश किल्ली शोधत बाहेर आला, पूर्णिमा पाण्याचा तांब्या घेऊन आली, गल्लीतली दारं उघडली. घरातून मात्र आवाज नाही. आप्पाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आता मागे फिरणं शक्य नव्हतं. त्याने छातीत मावेल तेवढी हवा भरून घेतली आणि तिसऱ्यांदा हाक मारली.

"ओ," आतून उत्तर आलं. "आली, आली."

धुरपदाबाई हात पुसत बाहेर आली. आत्मारामकडे बघून तिने पदर सावरला आणि सांगितलं, की मला बोलवलं त्यांनी, तुम्ही बसा. आत्माराम खरंच बसला, तिथेच पायरीवर. त्याला पाणी द्यावं लागलं.

गल्ली पांगल्यावर दोघं ओट्यावर बसली. पहिल्या हाकेला ओ का नाही दिली, असं आप्पाने जरा घुश्शातच विचारलं. ती म्हणाली, "आयकली ना. पन्नास वर्षांनी आली, म्हणून अजून दोन घेतल्या." आणि हसली. ते हसू आप्पाच्या ओळखीचं नव्हतं. एवढी वर्षं ते कुठे होतं, कोण जाणे.

मग ती कामाचं बोलली. शेव टाकायचं माझ्याकडे लागलं, ती चिंता सोडा. पण आता नीट आठवून सांगा, काही इच्छा राहिली का? म्हणजे नुसत्या शेवेवर विसंबायला नको.

दोन महिने या प्रश्नाला आप्पाचं उत्तर तयार असायचं. आज ते तोंडातून निघेना. उद्या सकाळी मळ्यातून येताना हाक मारावी, नहाणीतून टॉवेलसाठी मारावी, उगाच कधीतरी मारून बघावी, असं त्याला वाटत होतं, आणि डॉक्टरने सांगितलेलं वर्ष-दोन वर्षं त्याला पहिल्यांदाच फार थोडं वाटलं. इतकं थोडं, की त्याला रडू आलं आणि त्याने डोळे टोपीने पुसले.

"राह्यली," तो म्हणाला.

"मंग नीलेशकडून काय कबूल करून घेऊ?"

"त्याच्या हातचं नाही ते."

"तं कावळा नाही शिवणार," ती म्हणाली. "लोक हसतीन तुमाले."

"हसू दे, सिंधू," लोटूआप्पा म्हणाला.