एकुलत्या लेकाची संक्रांत

संक्रांत कुणावर येईल याचा नेम नसतो. एखाद्या वर्षी ती पिवळं नेसून येते, मग बाया पिवळ्या लुगड्याला हात लावत नाहीत. मानमोडीचा ताप आला त्या वर्षी डोणगावच्या बाजारातून बातमी उठली की यंदा संक्रांत एकुलत्या एका लेकावर आहे. जिला एकच मुलगा, तिनं त्या दिवशी सूर्य बुडायच्या आत दोन लेकांच्या सवाष्ण आईच्या हातून पाच हिरव्या बांगड्या भरून घ्यायच्या. विकत नाही, फुकट. नाही भरल्या तर लेक गेला म्हणून समजा.

असल्या बातम्या कोण उठवतं देव जाणे. त्याच्या तोंडात शेण घालावं. दिवाळीच्या आधी घराघरातून माणसं गेली होती, सरणाला लाकूड पुरलं नव्हतं, पावसानं दगा दिल्यामुळे तीळसुद्धा महागले होते. एवढं सोसून उरलेल्या बायांच्या जिवाला हा आणखी एक घोर.

डोणगावापासून कोसभरावरच्या खेड्यात शालूबाईचं घर. मानमोडीनं तिच्या तीन लेकांतले दोन नेले. धाकटा निवृत्ती तापातून उठला, पण खोकला त्याच्या छातीत ठाण मांडून बसला. नवरा कडूबा आधी म्हणाला की हे सगळं बायकांचं थोतांड आहे. संक्रांतीच्या सकाळी मात्र, पोरगं खोकून खोकून निळं पडलं तेव्हा, त्यानंच तिला लवकर निघायला सांगितलं.

पण जायचं कुणाकडे? गावात दोन लेक शाबूत असलेली एकच बाई राहिली होती, शेजारची रुखमाबाई, आणि तिचा नवरा तापात गेलेला. विधवेच्या हातून बांगड्या कोण भरून घेणार? ज्या रुखमाबाईनं दोन्ही पोरांना मरणाच्या दारातून ओढून आणलं, तिला त्या दिवशी कुणी उंबऱ्यावर उभंही केलं नाही. अशी आमची रीत.

मग शालूबाईला फातिमा आठवली. डोणगावचा बांगडीवाला गुलाम रसूल मणेर, त्याची बायको. आसपासच्या निम्म्या बायांना लग्नाचा चुडा तिनंच भरलेला, शालूबाईलाही. तिला दोन मुलगे. थोरला शकूर घरच्याच धंद्यात, धाकटा कय्यूम खामगावला कापसाच्या जिनात कामाला.

फातिमा दारातच टोपली घेऊन बसली होती. सकाळपासून अशाच बाया येऊन गेल्या होत्या. शालूबाईनं काम सांगितलं आणि खात्री म्हणून विचारलं, दोन पोरं आहेत ना तुला?

"हाव," फातिमा म्हणाली. "दोन पोट्टे हायेत मले."

एवढं बोलून तिनं शालूबाईचा हात हातात घेतला. एरवी बांगड्या भरताना तिचं तोंड बंद नसायचं, आज ती गप्प होती. चौथी बांगडी चढवताना तिच्याच बोटात वाढली. तिनं काचा बाजूला सारल्या आणि दुसरी घेतली. शालूबाईनं तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. तो तिनं मुठीत धरला, खाल्ला नाही.

पाच बांगड्या किणकिणवत शालूबाई परतली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला भूक लागल्यासारखं वाटलं. गावाच्या विहिरीवर रुखमाबाई पाणी शेंदत होती. हिरवा हात पाहून तिनं विचारलं, कोणी भरल्या? नाव ऐकल्यावर तिनं भरली घागर काठावर टेकवली. मग म्हणाली की खामगावहून आलेला गाडीवान पहाटेच सांगून गेला, मणेराचा कय्यूम तापानं गेला, बाप माती द्यायला तिकडे गेलाय. आता फातिमाही एकुलत्याचीच आई. त्या बांगड्या उतरव बाई, नाहीतर दुप्पट संक्रांत लागेल.

रुखमाबाई द्वेषानं बोलली असं नाही, आणि तिला थोडं बरं वाटलं नसेल असंही नाही.

शालूबाई आल्या पावली मागे फिरली. सूर्य कलला होता, दुसरी बाई शोधायला वेळ नव्हता.  माझ्या लेकराच्या जिवाशी ही का खेळली, एवढं एकच तिला विचारायचं होतं.

फातिमा तिथंच बसली होती. तिळगूळ अजून मुठीत, विरघळून बोटांना चिकटलेला. शालूबाई म्हणाली, "खोटं काऊन बोलली तू मले?"

"खोटं नाई बोलली," फातिमानं वर पाहिलं. "तू इचारलं, दोन हायेत का. दोन जणले म्या. एक मातीत गेला, तं तो काय दुसरीचा झाला?"

 नाल्याकाठी कडूबानं खणलेले दोन लहान खड्डे शालूबाईला आठवले. लोकांनी तिला एकुलत्याची आई म्हणायला सुरुवात केली होती आणि तिनंही ते मुकाट्यानं मान्य केलं होतं. ती फातिमाशेजारी बसली आणि पोरं गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. फातिमाही रडली.

उन्हं उतरली तशी शालूबाईनं डोळे पुसले, टोपलीतून पाच हिरव्या बांगड्या निवडल्या आणि फातिमाचा हात ओढला. फातिमा नको म्हणत राहिली, घरात मयत झालीय, आज काच चढवू नको.

"शकूरसाठी हायेत," शालूबाई म्हणाली. "आण हात. म्या तीन लेकांची माय हाय."

त्या दिवसापासून दिवस तिळातिळानं वाढत गेला. निवृत्तीला मात्र होळी दिसली नाही. बाया म्हणाल्या, बांगड्याच खोट्या होत्या. शालूबाईनं त्या उतरवल्या नाहीत. पुढं कुणी नवखी बाई ओटी भरताना विचारायची, लेकरं किती? ती तीन सांगायची, आणि तिघांची नावं घ्यायला लागली की विचारणारीच खाली पाहायची.